मशीनबाईची माफी

मंगळ., ३ फेब्रु.
भाचीनं, अनघानं, व्हिडिओ पाठवला. ‘पुडीचा पाश’मधला तुकडा. चाळीस वर्षांपूर्वीचा मी, डोळ्यांखाली काजळ फासून, शिलाई मशीनच्या पाया पडतोय. ‘मशीनबाई, माफ करा, तुम्हाला विकायला नेतोय.’ खाली कमेंटमध्ये हसून लोळणारे पिवळे चेहरे. अनघा लिहिते, मामा, तू फेमस झालास.
गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनाविरुद्ध काढलेला सिनेमा. तेव्हा कुणी पाहिला नाही. भोईवाड्यात दोन खेळ, तेही मंडळाच्या पडद्यावर.
फोन पालथा ठेवला.

गुरु., ५
दादरहून फोन. तिथल्या फिल्म क्लबची मुलं हा सिनेमा दाखवणार, पाहुणे म्हणून या म्हणतात. डायलॉग पाठ आहेत त्यांना. अनघा म्हणाली, जा की, घरात बसून काय करतोस. खरंय. आज दिवसभरात बोललो ते दूधवाल्याशी आणि या फोनवर.
माझा धाकटा भाऊ सुहास तापानं गेला, एवढंच अनघाला ठाऊक. आईचं मशीन त्यानं खरंच नेलं होतं, गर्दपायी. नेण्याआधी पाया पडला, हेच शब्द बोलला. मी दारात होतो. अडवलं नाही.

रवि., ८
दुपारचा खेळ. हॉल भरलेला. तो सीन आला नि सगळे एका सुरात, ‘मशीनबाई, माफ करा!’ मीही हसलो. एकट्यानं गप्प बसणं जमेना.
स्टेजवर विचारलं, हा डायलॉग सुचला कसा? सांगायचं ठरवून गेलो होतो. म्हणालो, सुचला असाच. टाळ्या.
बाहेर एक मुलगी थांबलेली. कॉटन ग्रीनला राहणारी. तिचा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रात, कुणाशी बोलत नाही. हा सीन दाखवला तर आधी हसला, मग रडला.
‘काका, तो विचारतो, यांना कसं कळलं? एकदा भेटाल त्याला?’
नंबर घेतला. घरी येऊन चहा केला, तसाच राहिला.

बुध., ११
अनघाला फोन केला. सुहासचं सगळं सांगितलं, त्या मुलीच्या भावाचंही. ती म्हणाली, मी येते सोबत. नको म्हटलं. आता वाटतंय, हो म्हणायला हवं होतं.
त्या मुलीला कळवलं, शनिवारी येतो.
सिनेमातला पोरगा बरा होतो, डबा घेऊन कामावर जातो. तो शेवट मीच लिहिला. सुहास त्याच वर्षी गेला. त्या पोरानं विचारलं, पुढं काय झालं त्याचं, तर मी कुठला शेवट सांगू?