आबांचा रंग आणि मागचं हौसिंग

३ नोव्हें., सोमवार
परत गळती. दसऱ्यापासनं हे तिसरं सील. भोरातनं हिर्डोशीला येईस्तवर गाडीचं मागचं हौसिंग, चाकांमधला गिअरचा डबा, तेलानं न्हालेलं. त्यात चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा, क्रॉस, बदलल्यापासनं गाडीनं जरा वेग धरला की खालनं थरथर. दुधाच्या कॅनची झाकणं वाजत्यात. हमीदभाई मेस्त्री म्हणतात, "दत्ता, गाडी म्हातारी झाली, सोस थोडं." सोसतोय मीच की.

५ नोव्हें., बुधवार
चढाला निम्म्यात थांबवली. तेलाचा जळका वास. वरच्या वाडीला चारी चाकं ओढणारी फोर बाय फोर सोडून काय चढत न्हाई, आणि फोर बाय फोर ही एकच. दूध लेट.
संकलन केंद्राचे साहेब म्हणाले, सतरा तारखेपर्यंत गाडी धड करा, न्हाईतर फेरी टेम्पोला देतो. म्या म्हणलं, टेम्पो वाडीत चढंल का? तर म्हणे, "खाली रस्त्यावर उभा राहील. लोक आणतील दूध."
लोक म्हंजे कोण? सोनाआत्या. गुडघे धरलेले, म्हस एक, आणि तेवढ्यावर घर. ती त्या उतारानं कॅन डोक्यावर घेऊन येणार. साहेबाला एकदा चालवत न्यायला पायजे.

८ नोव्हें., शनिवार
हमीदभाईंशी भांडलो. लोकांदेखत. म्हणलं, थरथर तुमच्याच हातानं आली. त्यांनी पाना खाली ठेवला. "मग दुसरीकडं ने."
घरी आलो तर आबा फडकं घेऊन गाडी पुसतायत. बापाची नजर अधू झाली तशी गाडी हाकणं सुटलं, पुसणं आणि रंगवणं न्हाई सुटलं. दर खंडेनवमीला सतरंजी टाकून खाली शिरतात, हाताला लागंल ते काळं करतात. यंदा पाऊस लई म्हणून तीन हात मारले. "काय म्हनला हमीद?" जेवलो न्हाई.

१२ नोव्हें., बुधवार
वेल्ह्याला गेलो. आपल्याच मॉडेलची भंगार गाडी तिथं पत्र्याच्या शेडमागं पडलीय असं कळलं होतं. सील वाळून गेलेलं, बाकी सगळा गंज. तंगडतोड फुकट, म्हणून शिव्या घालत तिच्याखालीच बसलो.
आणि दिसलं. हौसिंगच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढी टोपी. दाबली तर हलती. आतली गरम हवा निघायला असणार. शाफ्टवर दोन बाण ठोकलेले, समोरासमोर, जोडताना जुळवायची खूण.
आमच्या गाडीला ह्यातलं काय न्हाईच, असं मी इतकी वर्सं समजत होतो. एसटीत डोकं भणाणलेलं.

१३ नोव्हें., गुरुवार
आबा झोपल्यावर दुपारी खाली शिरलो. पात्यानं खरवडलं. रंगाचे पापुद्रे, वर्सावर वर्स. टोपी सापडली, रंगानं बुजून दगड झालेली. हवेला वाट न्हाई, मग ती तेलच ढकलणार सीलातनं. बाण पण सापडले. एक वर, एक बाजूला.
हमीदभाईंकडं गेलो. मान खाली घालून. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बघितलं. म्हणाले, "खूण दिसंना तर म्या थांबाया पायजे होतं. अंदाजानं जोडलं." मग हळू, "आबांना नको सांगू."
महिनाभर ह्या माणसाच्या नावानं खडे फोडले. आता राग आहे, पण कुणावर काढू ते कळंना. आबांवर तर न्हाई काढता येत, त्याचाच जास्त येतोय.

१५ नोव्हें., शनिवार
टोपी मोकळी. बाण समोरासमोर. नवं सील. भोराबाहेरपर्यंत पळवली, थरथर गेली. कोरडी ठाक.
पण चढाला बारीक घूं. हमीदभाईंनी लांब स्क्रूड्रायव्हर हौसिंगला टेकवला, दुसरं टोक कानाला. म्हणाले, तेलावाचून बेअरिंग खाल्लंय. नवं ह्या मॉडेलला मिळत न्हाई, वेल्ह्याचं गंजून एकजीव झालेलं. "वर्स काढंल. न्हाईतर उद्या बसंल. मी काय सांगू?"
म्हंजे एवढं करून परत तिथंच.

१७ नोव्हें., सोमवार
पहिली फेरी. आबा हट्टानं शेजारी बसले. सोनाआत्यानं दारातच कॅन दिला, म्हणाली आता लेट नको रं बाबा. केंद्रावर साहेब वाकून खाली बघून आले. तेलाचा थेंब न्हाई. फेरी आपल्याकडंच.
परत येताना वाडीच्या चढाला घूं सुरू. आबांनी दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. "बघ, गप झाली का न्हाई? रंगानं लोखंड टिकतं, दत्ता." त्यांना डोळ्यांसारखं कानानं पण कमीच.
थोड्या वेळानं म्हणाले, "पुढच्या वर्साला लांब दांड्याचा ब्रश आन. वरच्या अंगाला हात नीट पुरत न्हाई माझा."
आणतो म्हणलं. आणि गाडी पहिल्या गिअरात टाकून घूं ऐकत वाडीपर्यंत चढवली.