पिवळा फुगा

मिन्या,
सोमवार, ११ नोव्हेंबर

प्रिय नगातताई,

सलाम. थंडी पडू लागली, बाळाची छाती जपत असशील. मी बरी आहे. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून हे मिनीबसवाल्याच्या हाती पाठवते आहे. घरात वाचणाऱ्या आपण दोघीच.

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं होतं, ते आधी दुरुस्त करते. कॉम्प्युटरच्या स्पर्धेत माझी मैत्रीण इन्शिराह घाबरली आणि तिचं उत्तर चुकलं, असं मी कळवलं होतं. तिचं उत्तर बरोबर होतं. चुकलं माझं, आणि ज्या उत्तराशी आमची उत्तरं ताडून पाहिली ते स्पर्धा घेणाऱ्या वहीद सरांचंही.

तुला पेल्यांवर सांगते. फळीवर आधी एक मोठा पेला, मग अगदी सारखे दोन लहान. लहान पुढे, मोठा शेवटी हवा. एका वेळी दोघांची अदलाबदल करायची, तीही कमीत कमी वेळा. तू मोठा उचलून शेवटच्या लहानाच्या जागी ठेवशील, त्याला पुढे आणशील. झालं, एकदाच. स्पर्धेत पेल्यांऐवजी आकड्यांच्या लांबलचक ओळी होत्या आणि कॉम्प्युटरला रीत शिकवायची होती. माझी रीत इथे दोन अदलाबदली सांगते. सारख्या दोघांतही जो आधी उभा होता तो आधीच राहायला हवा, असं मी धरून चालले. सरांनीही. तसं प्रश्नात कुठेच नव्हतं. थोरलीच्या आधी धाकटीचं लग्न नाही, तसलं काहीतरी डोक्यात बसलं असेल.

उत्तर बरोबर आलं की टेबलाला फुगा बांधतात. मला पिवळा मिळाला. इन्शिराहला दर वेळी तांबडी फुली. बाहेर आल्यावर मी विचारलं, "अगं, पुन्हा पुन्हा तेच काय पाठवत होतीस?"

"बरोबर होतं म्हणून."

मी हसले, ताई.

काल वसतिगृहात पेले विसळून मांडताना लक्षात आलं. सरांकडे धावले.

"पोरी, जिंकलीस ना? मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

मी दारातून हलेना, तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "जिंकणाऱ्याने स्वतः समितीसमोर सही करून हरकत घेतली, तरच निकाल बदलतो. गुरुवारी दुपारी नाव पुढच्या फेरीसाठी अलेक्झांड्रियाला गेलं, की माझ्याही हातात नाही."

नाव एकच जातं.

इन्शिराह गावी गेली आहे. निवड झाली तर शीक, नाहीतर मामाचा मुलगा थांबलाय, असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. शुक्रवारी नमाजानंतर फातिहा वाचून लग्न पक्कं करणार आहेत. फोनवर मला म्हणाली, "ये की. तुझा फुगा आण, दाराला बांधू."

बाबांनी तो टुकटुक रिक्षाला बांधलाय, हवा गेली तरी काढत नाहीत, असं तू लिहिलंस. मी तुला लिहिलं नव्हतं ते हे, की मलाही शिकायला पुढचं वर्ष त्यांनी त्या फुग्यावरच दिलंय.

चौकात कुणी सांगण्याआधी तू त्यांना सांग. ओरडतील. "तिला कुणी विचारलं होतं?" म्हणतील. कुणीच नाही, म्हण.

हरकत लिहून झाली आहे. समितीची कचेरी आता गुरुवारी, १४ तारखेला सकाळीच उघडते. मी दाराशी असेन.

तुझी धाकटी,
विसाम