ड्रायर शुक्रवारी पोहोचेल

सोमवार, २० तारीख

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. चिमणीचा एक गालगुच्चा माझ्या वतीने घे. जरा जोरातच घे, म्हणजे आजीचा आहे हे तिला कळेल. तुम्ही दोघी वेळेवर जेवता ना? नव्या खोल्यांत ऊन येतं का? इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. माझे गुडघे कुरकुरतात, पण तू घरात होतीस तेव्हाही ते कुरकुरायचेच, त्यामुळे त्याचं खापर तुझ्यावर फोडत नाही.

फोनच केला असता. पण मी फोन हातात घेतला की "कोण गं आई?" सुरू होतं, आणि ठेवल्यावर तो उघडून बघितला जातो. पहाऱ्यात बोलायची मला सवय नाही. म्हणून पत्र. पेटीत मीच टाकणार आहे.

तुझं पत्र आलं ते तुझ्या नवऱ्याने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. एक तारखेपासून प्रसूतिगृहाच्या चादरी-दुपट्यांचं काम तुला मिळतंय, धुण्याचं मशीन भाड्याने घेतलंयस, फक्त तुझा ड्रायर पाठवून द्यावा. रोजच्या रोज वाळवून दिलं नाही तर काम दुसऱ्या कोणाला जाईल. इतकं वाचून तो हसला. म्हणाला, "ड्रायर बंद पडलाय. माणूस येऊन उघडून बघून गेला. आतलं कंट्रोल बोर्ड जळालंय आणि नवीन मिळत नाही. भंगारात जाणार तो. कळव तिला." आणि भाजी वाढ म्हणाला.

मी भाजी वाढली. पण मनात म्हटलं, माणूस आला कधी? मी तर दिवसभर घरातच असते.

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्या गेल्या मागच्या खोलीत गेले आणि ड्रायर भिंतीपासून ओढला. कंबर काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मागच्या पत्र्याचे स्क्रू बघितले. प्रत्येकाच्या खाचेत धूळ घट्ट बसलेली. तिथे कोणाचा हात लागलेलाच नाही! माझ्या पोटचा पोरगा माझ्याच तोंडावर थाप मारतो? डोकं असं सणकलं म्हणून सांगू. तिथेच ठरवलं, आता हा ड्रायर चालू झाल्याशिवाय मी गप्प बसायची नाही.

शिलाईच्या कारखान्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, हे तुला ऐकून ऐकून पाठ झालंय. तिथे मशीन अडलं की आम्ही मेकॅनिकची वाट बघत बसत नव्हतो. आधी दोरा बघायचा, मग सुई, मग पट्टा. एकेकाला निर्दोष सोडत जायचं, शेवटी उरेल तो चोर. इथेही तेच केलं. ड्रायर चालू केला तर पिंप फिरतंय, दिवे लागतायत, पण हवा गार. बोर्ड पार जळालं असतं तर दिवे लागले असते का गं?

मग कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्याकडे गेले. तोच, जो गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतही नाही. तपासायचा मीटर मागितला तेव्हा मात्र बघितलं. "काकू, शॉक लागला तर मला बोलायचं नाही." म्हटलं, "लागला तर मी बोलेन कशी?" तेव्हा कुठे हसला आणि मीटर कसा लावायचा ते दाखवलं. आधी प्लग काढायचा, हे मात्र त्याने माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

जाळीतला कापसासारखा कचरा काढला. दाराचा स्विच बघितला, ठीक. फ्यूज ठीक. जास्त तापलं की बंद करतो तो छोटा स्विचही ठीक. तापायची कॉइल धडधाकट. राहिलं कोण? बोर्डच. म्हणजे बघ, थाप मारता मारता पोरगा खरं बोलून गेला! हसू का रडू कळेना.

उद्या बोर्ड बाहेर काढते. तू प्रसूतिगृहात हो म्हणून सांगून टाक. अडखळू नकोस.

तुझी सासू


गुरुवार, २३ तारीख

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद. चालला! आधी हे वाच आणि मग बाकीचं सावकाश वाच.

बोर्ड काढायचं म्हणजे त्याला जोडलेल्या ढीगभर वायरी काढाव्या लागतात. कोणती कुठली हे लक्षात कसं ठेवायचं? रेडिओवाला म्हणाला, फोनवर फोटो काढा. फोनवर काढायला मला वेड लागलंय का? मी शिवणाचा डबा काढला. प्रत्येक वायरीला एका रंगाचा दोरा बांधला आणि ती जिथून निघाली तिथेही त्याच रंगाचा. ड्रायरच्या पोटात नुसता रंगांचा बाजार भरला होता. चिमणी असती तर तिने टाळ्या पिटल्या असत्या.

बोर्ड दुकानात नेलं. त्याने भिंगातून बघितलं, मग भिंग माझ्याकडे दिलं. बोर्डावर एक काळी डबी आहे, तिला रिले म्हणतात. ती कट् वाजली की कॉइलला वीज जाते. तिच्या एका पायाखालच्या डागाला, म्हणजे शिशाच्या जोडाला, गोल चीर गेली होती, आजूबाजूला करपून तपकिरी झालेलं. डबी कट् वाजायची पण वीज पुढे जायचीच नाही. एवढंच! एक टाका उसवला म्हणून अख्खा कपडा भंगारात काढायला निघाला होता आपला शहाणा.

"द्या, मी डाग देतो," तो म्हणाला. म्हटलं, "मला शिकव. उद्या सुनेकडे बिघडला तर तिला कोण सांगणार?" पहिला डाग माझा असा ओबडधोबड पडला की त्याने तोंड फिरवलं. तो काढून दुसरा दिला. तो छान बसला, चकचकीत.

घरी येऊन सगळं जोडलं. हवा तापली! मी एकटीच नाचले. आणि थोड्या वेळात पिंप थांबलं, दिवे लुकलुकायला लागले. मटकन खाली बसले गं. रडले, खोटं कशाला सांगू. मग नाक पुसलं, प्लग काढला, आणि खिडकीचा पडदा सरकवून उजेडात पुन्हा एकेक दोरा बघितला. नारिंगी आणि गुलाबी! सारख्याच आकाराच्या दोन पिना, एक ताप मोजते, दुसरी ओल. माझ्या मोतीबिंदूने त्यांची अदलाबदल केली होती. जागेवर लावल्या आणि तुझा ड्रायर चालू झाला तो चालूच. दोन ओल्या चादरी घातल्या होत्या. गरम गरम बाहेर निघाल्या तेव्हा त्यांत तोंड खुपसून उभी राहिले.

आता ज्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं ते लिहिते.

मी तशी उभी असतानाच पोरगा घरी आला. ड्रायरकडे बघितलं, चादरींकडे बघितलं. ओरडला नाही. गोड आवाजात म्हणाला, "छान झालं. राहू दे इथेच. ड्रायर नाही मिळाला की काम सुटेल, आणि काम सुटलं की येईल परत." मग माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलं. "तू लिही तिला. आई फार आजारी आहे, अंथरुणाला खिळलीय, असं लिही. माझ्यासाठी नाही यायची, तुझ्यासाठी धावत येईल."

खरं आहे ते. तू येशील, हे मला माहीत आहे, आणि त्यालाही. म्हणूनच अंगावर काटा आला. तू लोकांच्या चादरी धुतेस याची त्याला लाज वाटते म्हणून त्याने ते ओलं गाठोडं रस्त्यावर भिरकावलं, आणि तू चादरी गोळा करायला गेलीस ती परत आली नाहीस. आता माझं नाव सांगून तुला पुन्हा त्याच दारातून आत घ्यायचंय.

त्याने दिलेल्या कागदावरच हे लिहितेय. लिहिते म्हणाले होते, लिहिलं.

उद्या तो कामावर गेला की रेडिओवाल्याच्या मेहुण्याचा टेम्पो येईल. संध्याकाळपर्यंत ड्रायर तुझ्या दारात. दोरे काढलेले नाहीत, तसेच राहू देत. माझी काळजी करू नकोस, तो मला काही करायचा नाही. बोलणं टाकेल. टाकू दे, कानाला आराम.

तुझ्यावाचून घर खायला उठतं. चिमणीच्या आठवणीने घास घशाखाली उतरत नाही. "ये" हा शब्द पेनाच्या टोकाशी येतो आणि मी तो मागे ढकलते. म्हणून आता जे लिहिते ते नीट वाच. मी आजारी आहे असा निरोप आला तर येऊ नकोस. शेवटचं बघून जा असा आला तरी येऊ नकोस. आणि मी खरंच गेले असं कळलं, तर आधी त्या दिवसाच्या चादरी वाळवून प्रसूतिगृहात पोहोचव. मग निघ. मी थांबेन.

तुझी,
ठणठणीत
सासू