वाडगा फोडण्याची रीत

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या परदेशी खरेदीदाराचा हात आपल्या भट्टीकाकांनी मोडला, म्हणून लिहिते आहे. त्याने खोक्यातून एक वाडगा उचलला, उजेडात धरला आणि सगळ्यांसमोर फरशीवर आपटला. वाडगा काकांच्या मुलीच्या हातचा. ती समोरच उभी, सातवा महिना. आपल्या कारखान्यात कारागीर वारला की त्याच दिवशी त्याच्या हातचा वाडगा फोडतात, हे विसरलास? काकांनी भट्टीची सळई उचलली. पहिला घाव मनगटावर, दुसरा कानावर. मग बाकीचे धावले, लाथा सुरू झाल्या. मी मध्ये पडले. माझा खांदा अजून वर होत नाही. पाहुणा इस्पितळात, काका कोठडीत. तिथेही त्यांना मारलं, पुढचे दात पाडले. तक्रार टिकली तर ते तुरुंगातच मरतील. त्या माणसाने असं का केलं, ते ताबडतोब कळव.

तब्येतीला जप. निदान तिकडे तरी मार खाऊ नकोस.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

अगं, इकडे पसंत पडलेल्या मालातलाच एक नग फोडतात आणि तुटलेली कड बघतात. हा कारागिराचा मान. हलका माल कोणी फोडत नाही. इतकी वर्षं बघून मला त्याचं काही वाटेनासं झालं, म्हणून सांगायचं सुचलंच नाही. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण त्याच्याशी मी फोनवर बोललोय. काकांनी स्वतःच्या हातचा वाडगा त्याच्यासमोर फोडला, तर मान परत मिळाला असं धरून तो तक्रार मागे घेईल. एवढंच! काका सुटतात.

खांदा शेकत जा. राग ओसरला की पूर्वीसारखाच लोभ कर.

तुझा धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

‘एवढंच’ हा शब्द मला पुन्हा लिहू नकोस. काकांना मी गजांबाहेरून विचारलं. ते म्हणाले की फोडतो, पण मग मी मेलो असंच समजा. भट्टीला हात लावणार नाही. त्यांची मुलगी माझ्या तोंडावर थुंकली आणि म्हणाली की बापाला मारायला माझ्याच घरी वाडगा मागायला आलात. मी तोंड पुसलं आणि वाडगा घेतला.

पोलिसांनी काकांना इस्पितळात आणलं, तिथे त्यांनी तो खरेदीदाराच्या लोखंडी खाटेवर हाणला. फुटेपर्यंत हाणत राहिले. तळहात उभा फाटला, चादर रक्ताने भरली. खरेदीदाराने तुटलेली कड बोटाने चाचपली. त्याचे डोळे भरून आले. काकांचा रक्ताळलेला हात त्याने कपाळाला लावला आणि डाव्या हाताने कागदावर सही केली. त्याला वाटलं, मान मिळाला. आम्ही मयताला उभे होतो.

आशीर्वाद कमी झालेले नाहीत. रागही नाही.

ताई

ता. क. दिलं-घेतलं ते लिहून ठेवते. सळई पोलिसांकडे. वाडग्याची अर्धी कड खरेदीदाराला, त्याने मागितली म्हणून. उरलेले तुकडे काकांच्या मुलीच्या ओंजळीत. भट्टीघराची किल्ली माझ्याकडे. सुटून आल्यावर काकांनी दिली, माझ्याकडे न बघता.