एक जड, एक हलका

धुळे,
चैत्र वद्य एकादशी, सन १९३७

प्रिय अक्का,

सापडलं! आधी हे लिहून टाकतो, नमस्कार-चमत्कार मागाहून. मोटारीचा रोग सापडला, आणि तो मी नाही, तू पकडलास. असोद्यात बसून, धुळ्याच्या मोटारीचा, तिला बोटही न लावता. हसू नकोस. हात अजून तेलानं काळे आहेत, कागदावर ठसे उमटले तर तीही माझीच अक्षरं समज. तीन वर्षांत तुला चार ओळी धड लिहिल्या नाहीत आणि आज दोन ताव घेऊन बसलोय, यावरून काय ते ओळख. भाऊजींना वाचून दाखवायची घाई करू नकोस. इंजिनाचं ऐकता ऐकता ते ओट्यावरच घोरायला लागतील. त्यांना कुठं हाक मारायची ते मी पुढं लिहीन.

कुठली मोटार म्हणून विचारू नकोस. तीच. सोहनलाल शेटजींची उतारू नेणारी जुनी सर्विस मोटार, जिला तोताराम ड्रायव्हर 'म्हातारी' म्हणतो. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या सणाला तुला माहेरी आणायला मी तुझा मुऱ्हाळी म्हणून तिच्यातूनच निघालो होतो. शेटजींकडं महिनाभर आर्जवं करून मिळवलेली, पुढं आंब्याचं डहाळं बांधलेली. बहिणीला आणायला बैलगाडी सगळेच नेतात, हिलाल मोटार नेणार, असं मी अर्ध्या धुळ्याला सांगून ठेवलं होतं. एरंडोलच्या पुढं एका चढावर तिनं मान टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही असोद्यात शिरलो तेव्हा पुढं भाड्याची बैलजोडी, मागं दोरखंडानं बांधलेली मोटार आणि तिच्यात चाक धरून बसलेला मी. मागं अख्खं गाव. भाऊजी ओट्यावर आले, पाहिलं आणि म्हणाले, "भो, हे मोटार आपल्या पायानं दारात येईन ना, तव्हा नेजो हिले."

तेव्हापासून ती अट आपल्या दोन घरांच्या मध्ये बसली आहे. तीन आखाज्या झाल्या. नाना दर वर्षी लेकीचा म्हणून अंगणातल्या निंबाला तुझा झोका बांधतात. गल्लीतल्या माहेरवाशिणी त्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात, आणि सण सरला की नाना तो सोडून ठेवतात. मी त्या दोन दिवसांत घरी थांबतच नाही, शेटजींच्या मोटारींच्या कारखान्यात काहीतरी काम काढतो.

आणि यंदा वेगळंच संकट आलं. म्हातारी वर्षभरात पारच थकली. सपाट रस्त्यावर चालायची, पण चढ दिसला की उतारूंना उतरून ढकलावं लागायचं. शेटजी शेवटी वैतागले. म्हणाले, हिचं इंजिन काढून शिंदखेड्याच्या पिठाच्या गिरणीला देऊन टाकतो, तिथं चढ नाही. गिरणीवाले आखाजी झाली की येणार. इंजिन गिरणीत दळण दळत बसलं तर स्वतःच्या पायानं असोद्याला जाणार कोण? मी शेटजींकडं पंधरा दिवस मागितले. त्यांनी दिले, पण एक बजावलं. गिरणीवाल्यांना इंजिन न खोललेलं हवंय, तेव्हा आंधळेपणानं नटबोल्ट सोडत बसायचं नाही. "आधी बोट ठेव, मग पाना लाव," म्हणाले. रोग कुठं आहे ते बाहेरून सांग, मग झाकण उघड.

आता थोडं इंजिन समजून घे, नाहीतर तुला तुझीच करामत कळायची नाही. आत चार नळकांडी असतात, एका ओळीत. प्रत्येकात एक दट्ट्या खाली-वर होतो. वर येताना तो आतली हवा कोंडतो. ती नीट कोंडली तरच पेट्रोलचा भडका जोरात होतो आणि गाडी ओढते. समोरून हँडल फिरवताना ही कोंडलेली हवा हाताला आडवी येते, तिलाच आम्ही गाडीचा दम म्हणतो. म्हातारीचा दम गेला होता, हे हँडल मारणारा कुणीही सांगेल. पण कुठून गेला?

तोताराम म्हणाला, पेट्रोलात भेसळ आहे. पेट्रोल बदललं, प्लग घासले, काही नाही. जळगावचा एक जाणता मिस्त्री येऊन गेला, तो हँडलाला एक झटका देऊन म्हणाला, दट्ट्यांच्या रिंगा झिजल्यात, हिचं वय झालं. मलाही तेच वाटत होतं. तरी खात्री करावी म्हणून चारही प्लग काढून भोकांतून चमचा-चमचा घट्ट तेल सोडलं. रिंगा झिजलेल्या असल्या की तेल त्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं आणि हँडल जड होतं. प्लग बसवले, हँडल मारलं, तर होतं तसंच. म्हणजे रिंगा ठणठणीत. मला आनंद व्हायला हवा होता, पण माझी अक्कलच संपली. दहा दिवस गेले होते. जळगावचा माणूस चुकला हे कळलं होतं आणि धुळ्याच्या माणसाला काहीच कळत नव्हतं.

परवा सकाळी कारखान्याच्या पायरीवर डोक्याला हात लावून बसलो होतो. पलीकडच्या घरात जातं चाललं होतं आणि ते घर्र करून मध्येच अडत होतं. ती बाई जात्याला शिव्या देत होती. अन् मला तू आठवलीस. तुला आठवतं का, मला समोर बसवून तू दळायचीस, मी शाळेतलं मोठ्यानं म्हणायचो आणि तू सांडलेल्या पिठात बोटानं तेच अक्षर काढायचीस? तशीच तर वाचायला शिकलीस. मी खुंट्याला नुसताच लोंबकळायचो आणि कुरकुर करायचो की माझ्याकडं जातं जड येतं, दगडच वाईट आहे. तू एक दिवस म्हणालीस, "बाजू बदल, भाऊ. जड तुना हातसंगे उनं ते हातनी खोट, तठेच ऱ्हायनं ते दगडनी." आपण जागा बदलल्या. जड माझ्यासंगं आलं, म्हणजे खोट दगडात नव्हती, माझ्या हातात होती. तू इतकी हसलीस की सुपातले दाणे सांडले.

मी ताडकन उठलो. अक्का, आम्ही तिघांनी, त्या जळगावच्या मिस्त्रीनं, तोतारामनं आणि मी, हँडल मारताना एकच गोष्ट पाहिली होती आणि एकाच्याही डोक्यात ती शिरली नव्हती. म्हातारीचं हँडल वर खेचताना जड यायचं आणि खाली दाबताना हलकं. एक जड, एक हलका, एक जड, एक हलका. त्यात काय नवल? वर उचलायला जड आणि खाली दाबायला हलकं, हे तर विहिरीवर पाणी काढणारंही सांगेल. पुन्हा आम्ही पुरुष हँडल मारणार ते झटक्यानं. हळू फिरवलं तर लोक म्हणतील, जेवला नाही का.

मी हँडल बाहेर ओढलं, अर्धा फेरा रिकामंच फिरवलं आणि पुन्हा खाचेत बसवलं. म्हणजे बाजू बदलली. मग डोळे मिटून, तू दळायचीस तसं, सावकाश फिरवलं. वर खेचताना हलकं! आणि खाली दाबताना जड! मी सारं अंग टाकून दाबत होतो तरी जड. खोट माझ्या हातात नव्हतीच, दगडात होती. चारांतली दोन नळकांडी दमदार होती आणि दोन पार रिकामी, आणि हात त्यांची सरासरी काढून आम्हाला फसवत होता.

एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला, तर हवेनं अंगठा उडवला. चार नंबरचंही तेच. म्हणजे गेली होती मधली दोन, दोन नंबर आणि तीन नंबर. एकमेकांचे शेजारी. चारांतल्या शेजारच्याच दोघांचा दम एकदम जातो तेव्हा दोघंही बहुधा निरोगी असतात, त्यांच्यामधली भिंत पडलेली असते. याची हवा त्याच्या घरात, त्याची याच्या घरात, दोघंही उपाशी. इंजिनावर झाकण बसतं त्याच्याखाली एक पातळ पॅकिंग असतं, ते दोघांच्या मध्ये जळलं असणार.

शेटजींना बोलावून मी झाकणावर बरोबर मधोमध बोट ठेवलं. ते म्हणाले, बोट तर कुणीही ठेवेल, दाखव. मग मी काय केलं ठाऊक आहे? शेटजींच्या आवारात बिडीला सक्त मनाई. मी त्यांच्यासमोर तोतारामला म्हटलं, काढ बिडी. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली होती. तोतारामनं कोपऱ्यात जाऊन असा झुरका घेतला, जसा जन्मभर याच दिवसाची वाट पाहत होता. मी मधले दोन्ही प्लग काढून दोन नंबरचा दट्ट्या वर आणून ठेवला, भोकात रबरी नळी बसवली आणि तोतारामनं गालफडं फुगवून धूर आत फुंकला. क्षणभर काही नाही. मग तीन नंबरच्या भोकातून निळी रेघ सरळ वर आली. शेटजी वाकून बघत होते, धूर त्यांच्या नाकात गेला, ते खोकत खोकत म्हणाले, "लाव पाना."

झाकण उचललं. दोन आणि तीनच्या मध्ये पॅकिंग जळून वाटाण्याएवढी वाट पडली होती, काळीकुट्ट. एवढ्याशा भोकानं तीन वर्षं खाल्ली आपली! नवं पॅकिंग मुंबईहून यायला आखाजी उलटली असती. मी भटू तांबटाकडं धावलो. त्यानं जुनं पॅकिंग तांब्याच्या पत्र्यावर ठेवून आखलं, कापलं, विस्तवात लाल करून पाण्यात बुडवलं, म्हणजे ते मऊ पडून नीट बसतं. पूजेच्या ताम्हनाला देत नाही एवढी चकाकी त्यानं त्याला दिली, आणि वर म्हणतो, आत कोण बघणार, पण आपल्याला माहीत असावं.

काल हँडल मारलं. जड, जड, जड, जड. चारही. मला खरंच रडू आलं, लिहायला लाज कसली. मग शेटजी स्वतः बसले, तोताराम बसला, भटू बसला, मागं सरकीची दोन पोती टाकली आणि मी म्हातारीला आग्रा रोडनं लळिंगच्या चढावर घातली. ज्या वळणावर लोक आपण होऊन उतरायला पाय बाहेर काढायचे, तिथं भटूनं सवयीनं पाय काढला, आणि मी म्हटलं, आत घे. वर पोचलो तेव्हा ती धापासुद्धा टाकत नव्हती. शेटजींनी तिथल्या तिथं सांगितलं की गिरणीवाल्यांनी दुसरं इंजिन बघावं, आणि आखाजीला गाडी तू ने.

आता भाऊजींना हाक मार, अक्का. झोपले असतील तर उठव, आणि इथून पुढचं मोठ्यानं वाच, कारण गाडी सुधारली हे सांगायला मी पत्र लिहिलेलं नाही. भाऊजी, त्या दिवशी तुम्ही बोललात ती अट नव्हती, थट्टा होती. तुम्ही हसत होतात. तुमच्या हातात माझ्यासाठी पाण्याचा तांब्या होता आणि अक्काला धुळ्याला पोचवायला तुम्ही दमणीला बैल जुंपायला सांगितलं होतं. गावासमोर तोंड काळं झालेलं माझं, म्हणून तुमचा तांब्या मीच ओट्यावर आदळला आणि म्हणालो, "तिना पायवर ई तवलगून ह्या दारनं पानी पिवाव नही." मोटार आपल्या पायानं येईपर्यंत तुमच्या दारचं पाणी प्यायचं नाही, ही अट घातली ती मी. अक्का आत गाठोडं बांधून उभी होती, मी तिच्याकडं न बघता निघून आलो. मुऱ्हाळी दारात आल्याशिवाय लेक निघणार कशी? आणि तीन वर्षं मी नानांना सांगत राहिलो की जीवरामभाऊजी पाठवत नाहीत. काल लळिंगहून उतरताना मी बाजू बदलून पाहिली. तुमच्या ओट्यावर उभं राहून माझ्याकडं पाहिलं. जड माझ्याच हातासंगं आलं. घरी येऊन नानांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "झोकाले नवा दोर लई ये." दोर आणलाय. आखाजीच्या आदल्या दिवशी येतो. म्हातारीनं दम धरला तर तिच्यातून, नाही धरला तर जिथं थांबेल तिथून पायी. कशानंही आलो तरी आधी ओट्यावर बसेन आणि तो तांब्या मागेन. भरून ठेवा.

तुझाच मुऱ्हाळी,
हिलाल