पहिली आलेली सून

मंगळवार, संध्याकाळ

अजून हसू येतंय. सकाळी राउंडला बाळंतिणींच्या रक्तात गुठळी होण्याचा धोका मार्क देऊन मोजत होते. सुप्रियाचं सिझेरियन, वजन जास्त, वय चाळिशीजवळ. सगळ्यांत जास्त मार्क तिलाच. इंजेक्शन सुरू केलं, चालायला सांगितलं. पण सासूबाई तिला खाटेवरून हलू देईनात. वर मार्क ऐकून वॉर्डभर सांगत सुटल्या, "आमची सून पहिली आली!"

मी समजावलं, इथे जेवढे मार्क जास्त तेवढा धोका जास्त. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "ऊठ गो बाय, नापास व्हायचाय आपल्याला!"

चालून धोका उतरतो, वयाचे-सिझेरियनचे मार्क उतरत नाहीत. सांगायला हवं होतं का? निघताना पाहिलं, तर सासूबाई शेजारच्या खाटेवरच्या पोरीलाही उठवत होत्या, "चल गो, तू पण हो नापास."