‘झालं’च्या रकान्यात

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून एका खोट्यावर बसून आहे. आज ते सांगून टाकते. निमित्त ऑफिसातलं आहे.

ठाण्याच्या ऑफिसात मी दिवसभर काय करते, हे तुला कधी नीट कळलं नाही. "तू नुसती बघत बसतेस की कामही करतेस?" असं विचारायचीस. तर ऐक. कॉम्प्युटरवर एक फळा असतो. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कुणी करायचं, कधीपर्यंत, ते त्यावर लिहिलेलं. काम पुढे गेलं की कार्ड ‘करायचंय’मधून ‘चालू आहे’त ओढायचं, तिथून ‘झालं’त. नव्या मुलांना हे शिकवताना मला हसू येतं, कारण डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात मी हे आठवीतच शिकलेले.

दिवाळीआधीचे दिवस. खिडकीपासून दारापर्यंत सुतळी, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी फराळाच्या ऑर्डरींच्या चिठ्ठ्या अडकवलेल्या. नव्या चिठ्ठ्या खिडकीपाशी, करायला घेतलेल्या कामाच्या गॅसच्या वर, तयार फराळाच्या दारापाशी. तू भाजणी मळतेयस, घाम दंडाला पुसतेयस, आणि मी शहाणी सगळ्या चिठ्ठ्या दारापाशी सरकवून मोकळी होते. म्हटलं, तुला जरा बरं वाटेल. तू हात थांबवतेस. "चिठ्ठी सरकवली म्हणून चकली तळून होते का गं?" एवढंच, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा गेला तरी तू चिठ्ठी लगेच काढायची नाहीस. आधी गिऱ्हाइकाला फोन, मिळाला का, चकली मऊ तर नाही पडली, आणि मगच ती फाडायचीस.

काल साहेब म्हणाले, "अहो मॅडम, थोडंच तर राहिलंय. ओढा ना ते ‘झालं’मध्ये, उद्या क्लायंटला दाखवायचंय." मी म्हटलं, "सर, ज्यांना वापरायचंय त्यांनी अजून हातसुद्धा लावलेला नाही. ते झालेलं नाही." साहेबांचं तोंड हे एवढं झालं. तरी कार्ड काही मी हलवलं नाही. घरी येताना तुझी फार आठवण आली, कारण तुझ्यासमोर मला हे जमलं नव्हतं.

त्या शेवटच्या दिवाळीत तू कल्याणला हॉस्पिटलात होतीस. रोज एकच प्रश्न, "ऑर्डरी गेल्या का गं?" एक दिवस मी सांगून टाकलं, सगळ्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, "दमली असशील. जरा पड इथेच." मला वाटलं, पचलं.

तेराव्याला खडवलीच्या काकू आल्या, तुझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, "हॉस्पिटलातून फोन केलेला तिने, डबा मिळाला का म्हणून. मी खरं तेच सांगितलं बाई, की तुझ्या मुलीने यंदा जमणार नाही असं कळवलंय." तो फोन, मी थाप मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा होता.

म्हणजे हात धरलास तेव्हा तुला सगळं ठाऊक होतं. आता हे पत्र कुठे टाकणार, तरी तुला सांगायचं राहिलेलं लिहिते. मी तळायला बसलेले, आई. पहिलाच घाणा तेलात विरघळला. मी गॅस बंद केला, ओट्याशी बसून रडले आणि एकेकाला फोन करून नाही म्हटलं. तू नसताना मला काहीच येत नाही, हे तुला कळू द्यायचं नव्हतं गं.